मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय : बेळगाव सीमाभागातील नातेवाइकांसाठी

तोंड वाकडे झाले, हातातला तांब्या निसटला किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघाताचा (मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्याचा किंवा मेंदूतील रक्तस्रावाचा) झटका असू शकतो. आधी १०८ क्रमांकाला फोन करावा आणि रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ चिठ्ठीवर लिहावी. सकाळी उठल्यावर त्रास जाणवला असल्यास रात्री झोपतानाची वेळ लिहावी. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून खानापूर किंवा निपाणीहून निघताना एमआरआय कुठे स्वस्तात होतो याची चौकशी करत बसू नये. पक्षाघातावर उपचार करणारे रुग्णालय थेट गाठावे. तिथे बहुधा आधी सीटी स्कॅन काढतात, कारण रक्तस्राव आहे की नाही हे त्यात काही मिनिटांत कळते.

एमआरआय म्हणजे एकच चित्र नव्हे, त्यात वेगवेगळ्या प्रकारची चित्रे काढतात. डिफ्यूजन चित्रात रक्तपुरवठा तुटलेला भाग लवकर उजळ दिसतो. तोच भाग फ्लेअर या दुसऱ्या प्रकारच्या चित्रात अजून उमटलेला नसेल, तर झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला असतो. झोपेत झटका आलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही तुलना फार मोलाची ठरते. जुने बारीक रक्तस्राव एसडब्ल्यूआय या आणखी एका प्रकारच्या चित्रात काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. धमन्यांची अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचे चित्रण) एमआरआयवर इंजेक्शनशिवायही होते, मात्र तीत अरुंदपणा प्रत्यक्षापेक्षा जास्त भासू शकतो. बाळंतिणीची डोकेदुखी वाढतच चालली असेल किंवा तिला फिट आली असेल, तर वेनोग्राम, म्हणजे मेंदूतल्या शिरांचे वेगळे चित्रण, लागेल का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. साध्या एमआरआयमध्ये शिरेतली गुठळी निसटू शकते.

तपासणीपूर्वीचा फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत असल्यास कोणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. पेसमेकर आणि मेंदूतल्या शस्त्रक्रियेची क्लिप यांची कागदपत्रे दाखवावीत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ग्राइंडिंगवर काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला असेल, तर तो 'तेव्हाच काढला' म्हणून गप्प राहू नये. उरलेला कण एमआरआय यंत्रातल्या जोरदार चुंबकाने हलून डोळ्याला इजा होऊ शकते. मंगळसूत्र, पिना, जोडवी घरीच उतरवावीत. जोडवी निघतच नसतील, तर तसे तंत्रज्ञाला सांगावे. चित्र अधिक स्पष्ट दिसावे म्हणून गॅडोलिनियम या द्रव्याचे इंजेक्शन द्यायचे असेल, तर मूत्रपिंडाचा जुना आजार आधी कळवावा.

यंत्र ठकठक करते, कानात बोळे देतात, आणि डोके हलले की चित्र बिघडते. अहवालासोबत सीडीही मागून घ्यावी. पुढे मिरजेला किंवा कोल्हापूरला दाखवायचे झाल्यास तिथल्या डॉक्टरांना मूळ चित्रेच पाहायची असतात.