इंजेक्शन सुरू केल्यापासून मळमळतंय? आधी मेंदूचं 'पुरे' ओळखा

आईला शुगर आणि वजन दोन्हीसाठी सेमाग्लुटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन सुरू झालं तेव्हा पहिले पंधरा दिवस आम्हाला वाटत होतं की हिचं पोट बिघडलंय, ओवा झाला, हिंगाचं पाणी झालं, सोडा झाला, कशाने फरक पडेना. मग जरा खोलात जाऊन समजून घेतलं तेव्हा कळलं की यात पोटाइतकाच मेंदूचाही हात आहे, आणि एकदा ते कळलं की काय करायचं तेही सुचत जातं.

होतं काय तर जेवण आतड्यात उतरलं की तिथल्या एल पेशी जीएलपी-१ नावाचं हार्मोन सोडतात. हे हार्मोन १-२ मिनिटांतच निम्मं होऊन जातं, म्हणून व्हेगस नर्व्हमधून (पोटापासून मेंदूपर्यंत जाणारी नस) 'जेवण पोचलं' एवढा निरोप वर मेंदूला देतं आणि संपतं. सेमाग्लुटाइड त्याचीच नक्कल आहे पण ते निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो, तिरझेपेटाइड या त्याच प्रकारच्या दुसऱ्या इंजेक्शनला ५ दिवस, म्हणजे मेंदूला रात्रंदिवस वाटत राहतं की आत्ताच जेवण झालंय. वर जठरही हळू रिकामं होतं, खासकरून सुरुवातीला.

आता मळमळ कुठून येते बघा. मेंदूच्या अगदी खालच्या भागात, मानेच्या जरा वर, एरिया पोस्ट्रेमा नावाची छोटीशी जागा आहे. बाकी मेंदूला रक्तातल्या गोष्टींपासून जी भिंत वाचवते ती इथे मुद्दाम सैल आहे, कारण रक्तात विष आलंय का हे चाखायचं आणि आलं असेल तर उलटी काढायची हेच तिचं काम. जीएलपी-१ चा निरोप घेणारे रिसेप्टर तिथेही आहेत आणि शेजारच्या, पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या भागातही आहेत. २०२४ मध्ये उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की हे दोन रस्ते बऱ्यापैकी वेगळे आहेत, म्हणजे मळमळ न होताही भूक कमी होऊ शकते. मला हे वाचून फार धीर आला, कारण तोपर्यंत आई म्हणायची की मळमळतंय म्हणजेच औषध लागू पडतंय, आणि बिचारी सहन करत बसायची. तसं अजिबात नाहीये.

मग करायचं काय, तर सगळ्यात आधी ते 'पुरे' पकडायला शिकायचं. आमच्याकडे शुक्रवारी, म्हणजे इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी, मी आईसमोर बसून नुसतं बघत होते, अर्धी पोळी झाली आणि तिचा हात एक क्षण थांबला, एक लांब श्वास घेतला, मग 'ताटात टाकायचं कशाला' म्हणून उरलेली अर्धी संपवली आणि वीस मिनिटांत बेसिनपाशी उभी. तो थांबलेला हात म्हणजेच 'पुरे'! कुणाला ढेकर येतो, कुणाला घास तोंडातच फिरतो, तुमची खूण तुम्ही शोधा आणि तिथेच ताट बाजूला करा. त्यासाठी आधीच कमी वाढून घ्यायचं, पोळी एकच, वाटी लहान, आणि घरच्यांनी आग्रह बंद म्हणजे बंद. 'एवढंसं तर खाल्लंस' हे प्रेमाने म्हणतो आपण पण या माणसाला त्याचा खरंच त्रास होतो.

काय खायचं तर इंजेक्शननंतरचे २-३ दिवस हलकं, कारण रक्तात औषध तेव्हाच सगळ्यात जास्त असतं. मऊ भात-मेतकूट, मुगाची खिचडी, पातळ ताक. तळलेलं, तर्रीवालं, खूप गोड हे जठरात रेंगाळतं आणि मग तेच वर येत राहतं. डाळ, अंडं, पनीर आधी खा कारण जेवणच कमी झालं की वजनाबरोबर स्नायूही जातात. पाणी जेवताना ढसाढसा नको, दिवसभर घोट घोट. आणि मळमळतंय म्हणून दिवसभर उपाशी राहून रात्री एकदम जेवू नका, आईने एकदा केलं होतं, पूर्ण रात्र वाईट गेली.

डोसची घाई करू नका. वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ०.२५ मिग्रॅपासून सुरू करून दर ४ आठवड्यांनी वाढवत २.४ पर्यंत नेतात, ते मेंदूला सवय व्हावी म्हणूनच. त्रास होत असेल तर आहे त्याच डोसवर अजून थोडं थांबू का हे डॉक्टरांना सरळ विचारा, आईचं तसंच केलं आणि तिसऱ्या महिन्यात मळमळ जवळपास गेली. उलटीची गोळीही मनाने नको, नेहमी दिल्या जाणाऱ्या ऑनडॅनसेट्रॉनने बद्धकोष्ठता होते आणि या इंजेक्शनने ती आधीच झालेली असते.

वाट बघत थांबायचं नाही असं कधी, तर पोटात जोरात दुखून कळ पाठीत जात असेल (स्वादुपिंडाला सूज असू शकते), पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता दवाखाना गाठा. सोबत शुगरची ग्लिमेपिराइड गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि जेवण निम्म्यावर आलं असेल तर शुगर फार खाली जाऊ शकते, ते डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या. आणि मोतीबिंदू असो की एंडोस्कोपी, कुठलंही ऑपरेशन ठरलं की भूलतज्ज्ञांना हे इंजेक्शन चालू असल्याचं आधीच सांगा, उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं.