सीक्वेलवर प्रकल्प लिहायचा असेल तर

चित्रपट अभ्यासाच्या एमएला असताना मी प्रकल्पासाठी दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोचा १९७८ चा ‘डॉन ऑफ द डेड’ घेतला होता. भयपट, त्यात सीक्वेल. यात राजकारण कुठलं, असं बऱ्याच जणांनी विचारलं. यंदा असा विषय घेणाऱ्यांसाठी थोडं लिहिते.

आधी याचा पहिला भाग, १९६८ चा ‘नाईट ऑफ द लिव्हिंग डेड’ बघा. त्यातला कृष्णवर्णीय बेन रात्रभर झाँबींशी, म्हणजे पुन्हा उठून माणसांवर हल्ला करणाऱ्या मृतांशी झुंजतो, वाचतो आणि सकाळी बंदुका घेऊन निघालेल्या गोऱ्या माणसांच्या गोळीला बळी पडतो. पुष्कळ जण हा शेवट मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येवरचं भाष्य म्हणून मांडतात. तसं लिहू नका. हत्या एप्रिल १९६८ मधली. चित्रीकरण त्याआधीच, १९६७ मध्ये झालं होतं. प्रेक्षकांनी तो हत्येच्या सावटाखाली पाहिला, हे मात्र खरं.

सीक्वेलमध्ये जुनं एकही पात्र नाही, पण वंशाचा प्रश्न लगेच पुढे येतो. फिलाडेल्फियातल्या गरीब वस्तीत पोलीस घुसतात, कारण तिथले कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन रहिवासी आपले मृतदेह सरकारच्या हवाली करत नाहीत. या प्रसंगाकडे विद्यार्थी फारसे वळत नाहीत. सगळे धावतात ते पिट्सबर्गजवळच्या मॉनरोव्हिल मॉलकडे, जिथे हेलिकॉप्टरने पळालेली चार मुख्य पात्रं आसरा घेतात. ‘मॉल म्हणजे चंगळवाद’ हे वाक्य परीक्षकांनी शेकडो वेळा वाचलेलं असतं. ते चूक नाही, पण तेवढ्यावर थांबलात तर तुमचं स्वतःचं काहीच सांगून होत नाही.

मी त्या चौघांतल्या एकट्या बाईचा, फ्रॅनचा धागा धरला आणि त्यातच मला चित्रपट उलगडला. ती गरोदर आहे. हे मूल पाडायचं का, याची चर्चा पुरुष आपसात करतात. ती शेजारीच पडून सगळं ऐकत असते, पण तिला कुणी विचारत नाही. अमेरिकेत गर्भपाताचा हक्क मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७३ चा, म्हणजे चित्रपटाच्या पाचच वर्षं आधीचा. हा प्रसंग आवाज बंद करून बघा: कोण कुठे आहे, कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर थांबतो. पुढे फ्रॅन ठणकावून सांगते, मी तुमची सरबराई करणार नाही, मला बंदूक द्या, हेलिकॉप्टर चालवायला शिकवा. तिचा जोडीदार स्टीफन अंगठी पुढे करतो तेव्हा ती नाकारते. आत्ता ते खरं ठरणार नाही, म्हणते. शेवटी चौघांतल्याच पीटरला घेऊन हेलिकॉप्टर उडवते ती फ्रॅनच. स्टीफन मात्र झाँबी झाल्यावर सवयीने इतर झाँबींना त्यांच्या लपायच्या खोलीकडे घेऊन येतो. मॉल आणि घर, दोन्हींवरच्या मालकीच्या भावनेबद्दल रोमेरोला काय म्हणायचं होतं, ते मला या दोघांत सापडलं.

एक कामाची गोष्ट: या चित्रपटाच्या एकाहून अधिक आवृत्त्या आहेत. अमेरिकेत लागलेली साधारण १२७ मिनिटांची आहे, इटालियन दिग्दर्शक दारिओ अर्जेन्तोने युरोपसाठी संकलित केलेली वेगळी आहे. कोणती पाहिलीत ते पहिल्याच पानावर लिहा आणि प्रत्येक प्रसंगापुढे टाइमकोड (तो कितव्या मिनिटाला येतो ते) द्या, म्हणजे गाइडला तुमचा शॉट शोधत बसावं लागत नाही.