अहमदाबादची जामा मशीद बघायची, तर आधी अंबरनाथला जा

ठाण्याची मंडळी अहमदाबादला निघाली की घोडबंदरवरून बोरिवली गाठतात आणि रात्रीची गाडी पकडतात. माझं सांगणं एवढंच, की त्याच्या आदल्या रविवारी अंबरनाथ लोकल पकडा. माझा जन्म इमारतींचे नकाशे काढण्यात गेला, तरी मशिदीचं छत मला कळलं ते तिथल्या शिवमंदिरात.

शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चं हे शिलाहारांचं देऊळ. मंडपात मधल्या चार खांबांमध्ये उभं राहा आणि मान वर करा. दगडांची वर्तुळं एकावर एक चढलेली दिसतील, वरचं प्रत्येक खालच्यापेक्षा थोडं आत सरकलेलं. भाचीला मी तिथेच पायरीवर बसून बांगड्या रचून दाखवल्या, खाली आईची, वर तिची, त्यावर बाळाची. "म्हणजे कमान नाहीच?" तिने विचारलं. नाहीच. प्रत्येक थराचं वजन खालच्या थरावर.

हे डोळ्यांत साठवून अहमदाबादला जा. मशीद माणेकचौकाजवळ आहे. शुक्रवारची दुपार टाळा, मी पहिल्या खेपेला तेव्हाच पोचले आणि दोन तास बाहेर बसून काढले. चपला हातात घ्यायला पिशवी आणि डोक्यावर घ्यायला ओढणी असू द्या.

अंगणात शिरल्यावर लगेच फोटो काढू नका. हौदापाशी थांबून पश्चिमेकडे बघा. मधल्या मोठ्या कमानीच्या दोन्ही बाजूंना मिनारांचे फक्त बुंधे उरलेत, वरचे भाग १८१९ च्या कच्छच्या भूकंपात कोसळले. बुंध्यांच्या अगदी जवळ जा. देवळात ज्या कोनाड्यात मूर्ती असते, तसाच कोनाडा इथे आहे, चौकटीसकट. आत मात्र पानांची, वेलींची नक्षी. हात देवळं घडवणाऱ्या पाथरवटांचाच, हे त्या एका कोनाड्यावरून पटतं. मला तरी दुसरा पुरावा लागला नाही.

आता आत. खांब २६० आहेत, मोजत बसू नका, हरवाल. एकच घुमट निवडा आणि त्याच्या बरोबर खाली उभं राहा. खांबांवरच्या तुळया आधी चौकोनाचा अष्टकोन करतात, त्यावर वर्तुळं चढत जातात. अंबरनाथच्याच बांगड्या! असे मोठे घुमट पंधरा, पाच-पाचच्या तीन ओळींत.

मग मधल्या भागात या. इथलं छत बाजूंपेक्षा बरंच उंच आहे, सज्जांवर सज्जे चढवलेले. ऊन थेट आत पडत नाही. ते आधी वरच्या दगडी जाळ्यांना अडतं, सज्जात पसरतं आणि मऊ होऊन खाली उतरतं. दहा मिनिटं तरी बसा, डोळे सरावायला तेवढी लागतातच. बाहेर फरशी पोळत असते, तेव्हाही आत गार वाटतं. पश्चिमेच्या भिंतीतले पाच मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारे कोनाडे, त्यानंतर बघा, मधला सर्वांत सजवलेला.

ही मशीद १४२४ मध्ये पुरी झाली, सुलतान अहमदशहाच्या हुकमाने. शहरही त्यानेच १४११ मध्ये वसवलं. पुढे १४३० च्या सुमारास त्याच्याच फौजा ठाणे-माहीमसाठी बहमनींशी लढल्या. आपल्या खाडीशी त्याचा संबंध असा जवळचा.

निघताना पूर्वेच्या दाराने बाहेर पडा. समोरच त्याची कबर आहे, बादशहाचा हजिरा.