घरी बांधलेल्या ट्रान्सीव्हरमध्ये ऐकण्याचा आवाज क्षीण असेल तर

स्वतः बांधलेला ट्रान्सीव्हर (ऐकणे आणि प्रक्षेपण दोन्ही करणारा रेडिओ संच) सुरू होतो, केंद्रे लागतात, पण व्हॉल्यूम पूर्ण फिरवूनही कान स्पीकरजवळ न्यावा लागतो, ही तक्रार नवे हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, माझ्याकडे वारंवार घेऊन येतात. बहुतेकांना ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर बदलावासा वाटतो. माझा आग्रह असतो, की आधी आवाज कमी आहे की संवेदनक्षमता (क्षीण संकेत पकडण्याची क्षमता), हे ठरवावे, कारण दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत.

त्यासाठी संच ७ मेगाहर्ट्झवर ठेवून अँटेना काढावी आणि पुन्हा जोडावी. जोडताक्षणी खरखर स्पष्ट वाढली, तर अँटेनाकडचा पुढचा भाग पुरेसे ऐकत आहे आणि उणीव नंतरच्या वर्धनात आहे. खरखर तेवढीच राहिली, तर संकेत वाटेतच हरवत आहे. अशा वेळी ऑडिओ वाढवल्याने संचाची स्वतःची सूंसूं तेवढी मोठी होते.

ऑडिओ तपासणी लवकर आटोपते. व्हॉल्यूम पॉटच्या (आवाज कमीजास्त करणाऱ्या बदलत्या रोधाच्या) मधल्या टोकाला स्क्रूड्रायव्हरचे पाते लावून बोटाने स्पर्श केला की स्पीकरमधून गुणगुण यावी. (संच बॅटरीवर आणि विजेच्या तारांपासून दूर असेल तर ती मंद येते, मग काही मिलिव्होल्टचा एक किलोहर्ट्झ स्वर देणे अधिक विश्वसनीय.) एलएम ३८६ ही ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायरची चिप असेल तर पाचव्या पिनवर पुरवठ्याच्या साधारण निम्मा दाब दिसला पाहिजे. पिन १ आणि ८ मोकळ्या असल्यास त्याचे वर्धन २० पट असते, त्यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडल्यास २०० पट होते. हा कपॅसिटर राहून गेलेला किंवा त्याचा सांधा कच्चा असलेला मी अनेक संचांत पाहिला आहे. प्रक्षेपणाच्या वेळी आवाज बंद करणारा ट्रान्झिस्टर ऐकताना अर्धवट चालू राहत नाही ना, हेही पाहावे.

खरा वेळ मात्र ऑडिओच्या आधीच्या भागाला द्यावा. प्रत्येक आयएफ (मधल्या वारंवारतेच्या) टप्प्यातील ट्रान्झिस्टरचा बेस एमिटरपेक्षा ०.६ ते ०.७ व्होल्ट वर आहे का, हे मल्टिमीटरने मोजावे आणि सारख्या रचनेच्या टप्प्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत. मग टोरॉइडकडे, म्हणजे कड्याच्या आकाराच्या गाभ्यावरील गुंडाळ्यांकडे, वळावे. तारेवरचा इनॅमलचा थर नीट खरवडला नसेल, तर सांधा बाहेरून चकचकीत दिसतो आणि आत जोडणी नसते, म्हणून गुंडाळीच्या दोन टोकांमधला रोध शून्याजवळ असल्याची खात्री थेट तारेवर नव्हे, पॅडवर करावी. चार डायोडच्या मिक्सरमध्ये (संकेताची वारंवारता बदलणाऱ्या टप्प्यात) एक डायोड उलटा बसला किंवा दुहेरी गुंडाळीची टोके अदलाबदल झाली, तरी काही केंद्रे ऐकू येतात आणि त्यामुळे मिक्सरवर संशय जात नाही. अशा मिक्सरला आंदोलकाकडून (ऑसिलेटरकडून) साधारण ५ मिलिवॅट, म्हणजे ५० ओहमवर सुमारे अर्धा व्होल्ट आरएमएस, मिळणे आवश्यक आहे.

बोलणे क्षीण असून शिवाय चिरके किंवा घुमे वाटत असेल, तर बीएफओ (संकेताचे पुन्हा आवाजात रूपांतर करण्यासाठी लागणारा आंदोलक) क्रिस्टल फिल्टरच्या उतारावर योग्य जागी बसलेला नाही.

हव्या त्या बँडचेच संकेत आत सोडणाऱ्या बँडपास फिल्टरचे ट्रिमर (फिरवून जुळवायचे छोटे कपॅसिटर) सर्वांत शेवटी, अँटेनाच्या खरखरीवर जुळवावेत. ट्रिमरच्या एका पूर्ण फेऱ्यात आवाज दोनदा वाढला पाहिजे. एकदाच वाढत असेल, तर ट्रिमर टोकाला पोहोचला आहे. तो महत्तम धारितेवर असल्यास कॉइलचा एखादा वेढा वाढवावा आणि लघुतम धारितेवर असल्यास एक वेढा काढावा.