मॉनिटरिंग वेलचं सॅम्पलिंग: पहिल्यांदा फिल्डवर जाणाऱ्यांसाठी

एमएस्सी जिऑलॉजी किंवा एन्व्हायर्नमेंटल सायन्स करून कन्सल्टन्सीत लागलात की सुरुवातीलाच ग्राउंडवॉटर सॅम्पलिंगला पाठवतात, म्हणजे भूजल तपासायला पाडलेल्या बोअरमधून (मॉनिटरिंग वेल) पाण्याचे नमुने घ्यायला, आणि बऱ्याच नवीन मुलामुलींना वाटतं की हे हलकं काम आहे, बाटल्या भरायच्या नि लॅबला द्यायच्या. तसं अजिबात नाहीये. लॅब एनएबीएलची मान्यता असलेली असू दे, मशीन कितीही भारी असू दे, बाटलीत जे आलंय तेवढंच ते मोजणार. चुकीचं पाणी भरलं तर चुकीचाच आकडा रिपोर्टात छापून येतो, आणि त्याच आकड्यावर शेजारच्या वस्तीने बोअरचं पाणी प्यायचं की नाही हे ठरतं.

साइट एमआयडीसीची असो नाहीतर कचरा डेपोची, सुरुवात नेहमी चांगल्या पाण्याच्या वेलपासून करायची, म्हणजे भूजल जिकडून वाहत येतं त्या, प्रदूषणाच्या वरच्या अंगाला असलेल्या, आणि सगळ्यात खराब वेल शेवटी. पंप, डिप मीटरची (पाण्याची पातळी मोजायच्या मीटरची) टेप प्रत्येक वेलनंतर धुवायची, ग्लोव्हज बदलायचे. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या बाजूला लांब ठेवा, पेट्रोलच्या हाताने बाटलीला हात लावला तर बेंझीन तुमच्याच हातातून सॅम्पलमध्ये जाईल. कॅप उघडली की लगेच तोंड घालून आत बघू नका, गॅस असू शकतो. थोडं थांबा, मग पाण्याची पातळी मोजा, आणि दरवेळी केसिंगवरच्या (वेलमध्ये बसवलेल्या पाइपावरच्या) त्याच खुणेपासून मोजा.

आता पर्जिंग, म्हणजे आधीचं पाणी उपसून टाकणं, खरी गोम इथेच आहे. केसिंगमध्ये साचलेलं पाणी हे खडकातलं पाणी नव्हेच. ते हवेला लागलेलं असतं, उडून जाणारी सॉल्व्हंट्स त्यातून निघून गेलेली असतात, लोह खाली बसलेलं असतं. १० सेंटीमीटर आतल्या व्यासाच्या पाइपात मीटरला साधारण ८ लिटर पाणी बसतं, म्हणजे १२ मीटर पाणी असेल तर ९४-९५ लिटर, आणि जुन्या पद्धतीने त्याच्या तिप्पट उपसायचं, म्हणजे पावणेतीनशे लिटरच्या वर. पण नुसतं लिटर मोजून पंप बंद करू नका, दर तीन ते पाच मिनिटांनी पीएच, ईसी (पाण्याची विद्युतवाहकता), टेंपरेचर, विरघळलेला ऑक्सिजन, गढूळपणा लिहीत राहा, आणि लागोपाठ तीन रीडिंगमध्ये पीएच ०.१ च्या आत नि ईसी ३ टक्क्यांच्या आत राहिला, बाकीचेही आकडे स्थिरावले की मगच सॅम्पल. लो-फ्लो (हळूहळू उपसणारा) पंप असेल तर मिनिटाला अर्ध्या लिटरच्या खालीच चालवायचा आणि पातळी १० सेंटीमीटरपेक्षा जास्त उतरू द्यायची नाही. उपसलेलं पाणी तिथेच शेतात सोडायचं नाही, ड्रममध्ये भरायचं.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बेसाल्ट, त्यामुळे पाणी फटींमधून येतं. काळ्या पत्थरात भेग लागली नसेल तर वेल थोड्या वेळात कोरडी पडते, अशा वेळी वैतागून तळाचा गाळ ढवळत बसू नका. परत पाणी चढू द्या आणि २४ तासांच्या आत सॅम्पल घ्या. बेलर (दोरीने सोडायची नळीसारखी बादली) वापरत असाल तर बाळाला पाळण्यात ठेवावं तसा अलगद सोडा, धपकन टाकला की सगळा गाळ वर येतो.

बाटल्यांचं एक नीट डोक्यात ठेवा. विरघळलेले धातू मोजायचे असतील तर आधी ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर, मग नायट्रिक ॲसिड टाकून पीएच २ च्या खाली. उलटं केलं तर ॲसिड मातीच्या कणांतलं लोह-मँगनीज पाण्यात उतरवतं आणि स्वच्छ वेलसुद्धा दूषित दिसते. ज्या बाटलीत लॅबने आधीच ॲसिड घालून दिलंय ती कधीच विसळू नका. व्हीओसीची (उडून जाणाऱ्या सेंद्रिय रसायनांची) ४० मिलीची व्हायल पाणी काठावर फुगून दिसेपर्यंत भरायची, झाकण लावायचं, उलटी करून बोटाने टिचकी मारायची, बुडबुडा दिसला तर ती बाद, नवीन व्हायल घ्या. लेबल बाटली भरायच्या आधी, वॉटरप्रूफ मार्करने. ब्लँक (शुद्ध पाण्याची बाटली) आणि डुप्लिकेट (त्याच वेलचं दुसरं सॅम्पल) न्यायचा कंटाळा करू नका, पुढे कोणी रिपोर्टवर शंका घेतली तर तेच कामाला येतात.

शेजारचे लोक बघायला येतातच. एखादी मावशी विचारते, "साहेब, पाणी बरं हाय का?" तेव्हा पाणी स्वच्छ दिसतंय म्हणून "काही काळजी नाही" असं अजिबात म्हणू नका. नायट्रेट दिसत नाही, त्याला वासही नाही, आणि आयएस १०५०० मध्ये (पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात) त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलीग्राम आहे, ते लॅबशिवाय कळणार नाही. तेवढं साध्या भाषेत सांगा, आणि पाण्याला वास येतो का, कधीपासून, पावसाळ्यात वाढतो का हे त्यांनाच विचारून वहीत लिहा. माझ्या मते यासारखी माहिती कुठल्याच मीटरवर मिळत नाही.

सरकारी नोकरीत जायचं असेल तर सेंट्रल ग्राउंड वॉटर बोर्डासाठी यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा असते, आणि राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. मुलाखतीला जाताना फिल्डचा अनुभव असला की बोलायला खूप मिळतं.

आणि शनिवारी सॅम्पल घ्यायचं टाळा. नायट्रेटचं सॅम्पल नुसतं बर्फात ठेवलं तर ४८ तासांत टेस्टला लावावं लागतं, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम तर २४ तासांत, आणि रविवारी लॅबमध्ये बाटल्या घ्यायला कोणी नसतं. सोमवार-मंगळवार धरा, आणि निघायच्या आधी लॅबला फोन करून ठेवा.