क्रूझवर गाडी थरथरते? गिअरबॉक्स खाली काढण्याआधी या चुका टाळा

समृद्धीवर जालना मागे टाकलं होतं, रस्ता एकदम सरळ, क्रूझ कंट्रोल (स्पीड आपोआप धरून ठेवणारं) १०० वर लावलेलं, आणि अचानक फ्लोअरमधून थरथर यायला लागली, म्हणजे रंबल स्ट्रिपवरून गाडी चाललीय असं वाटावं तशी, दोन-तीन सेकंद आली, गेली, पुढे पाच किलोमीटरवर परत आली. घरी येऊन मी आधी बॅलन्सिंग केलं, मग अलाइनमेंट, मग पुढचे दोन टायर बदलले, फरक शून्य. शेवटी एका गॅरेजमध्ये न तपासताच सांगितलं की टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला भाग) गेला, गिअरबॉक्स खाली काढावा लागेल, खर्च लाखाच्या वर. प्रत्यक्षात निघालं काय, तर गिअरबॉक्सचं ऑईल जुनं होऊन गेलेलं. म्हणून हे सगळं नीट लिहितोय, ज्यांच्याकडे टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक आहे त्यांनी वाचाच. एएमटीमध्ये (गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, पण क्लच आणि गिअरचं काम गाडी स्वतः करते) हा कन्व्हर्टर नसतो, त्यामुळे त्या गाड्यांना हे लागू नाही.

आधी थोडक्यात आत काय चालतं ते. कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सकडे जाते, त्यात थोडी घसरण होतेच, आणि जेवढी घसरण तेवढी ऑईलमध्ये गरमी. म्हणून एका स्थिर स्पीडला आतला लॉकअप क्लच चिकटतो आणि इंजिन-गिअरबॉक्स जवळपास थेट जोडले जातात, घसरण थांबते, अॅव्हरेज वाढतं. सहावा गिअर पडल्यावर आरपीएमचा काटा अजून थोडासा खाली येतो ना, एक जास्तीचा गिअर पडल्यासारखा, तो गिअर नसतो, तो लॉकअप. क्रूझवर स्पीड धरून ठेवलेला असल्यामुळे लॉकअपचं दुखणं तिथेच सगळ्यात स्पष्ट दिसतं, सिटीत चालवताना कळतही नाही, आणि म्हणूनच लोक क्रूझ कंट्रोलच बिघडलं असं समजतात. पहिली चूक हीच.

क्रूझ बंद करा, तोच स्पीड पायाने धरा. थरथर तशीच राहिली तर क्रूझचा काही संबंध नाही. आता रस्ता मोकळा आणि मागे कोणी नाही हे बघून, रेस तशीच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडल अगदी क्षणभर हलकं टेकवायचं, फक्त ब्रेक लाइट लागेल एवढंच, कारण काही गाड्यांत दोन्ही पेडल दाबली की रेस कट होते. ब्रेकचा सिग्नल मिळाला की बहुतेक गाड्यांत लॉकअप सुटतो, काटा दोन-तीनशेने वर जातो. त्याच क्षणी थरथर गेली तर दुखणं लॉकअपच्या बाजूचं आहे, टायरचं नाही. टायरची थरथर ब्रेकच्या सिग्नलने जात नाही, ती फक्त स्पीडबरोबर बदलते. समृद्धीचं काँक्रीट सुद्धा एक लय देतं बरं का, ती डांबरी रस्त्यावर आलं की थांबते, तेवढं आधी तपासून घ्या.

पण "लॉकअपच्या बाजूचं" म्हणजे लगेच कन्व्हर्टर गेला असं नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. लॉकअप लागलेला असताना इंजिन थेट जोडलेलं असतं, त्यामुळे एखादी इग्निशन कॉइल किंवा स्पार्क प्लग कमजोर असेल तर त्याचा मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) तेव्हाच अंगावर येतो, लॉकअप सुटला की ऑईल तो झटका पिऊन टाकतं आणि तुम्हाला वाटतं कन्व्हर्टरच गेलाय. डिझेलमध्ये तेच काम खराब इंजेक्टर करतो. म्हणून स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावल्यावर गिअरबॉक्सच्या कोडसोबत मिसफायरचे आकडे पण बघायला सांगा.

पी०७४१ कोड आला की काही जण कन्व्हर्टरची ऑर्डरच देऊन टाकतात. तो कोड एवढंच सांगतो की लॉक करायला सांगितलं पण घसरण कमी झाली नाही. का नाही झाली, ते ऑईल असू शकतं, सोलेनॉइड (ऑईलचं प्रेशर सोडणारा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह) असू शकतो, व्हॉल्व्ह बॉडी (ऑईलला वाट देणारा भाग) असू शकते, आणि हो, कन्व्हर्टर पण असू शकतो, पण शेवटी. पी०७४३ असेल तर दुखणं इलेक्ट्रिकल आहे, सोलेनॉइडचं सर्किट, वायरिंग आणि सॉकेट आधी. आणि सिग्नलला थांबताना गाडी बंद पडते, मॅन्युअलमध्ये क्लच न दाबता थांबल्यावर पडते तशी, तर लॉकअप सुटतच नाहीये, त्याला पी०७४२. यात चालढकल करू नका, भर ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडेल.

उलटा त्रास पण असतो, थरथर काहीच नाही पण लॉकअप लागतच नाही, हायवेला आरपीएम नेहमीपेक्षा जास्त आणि अॅव्हरेज पडलेलं. इथे दोन स्वस्त गोष्टी आधी. एक, ब्रेक पेडलजवळचा स्विच. तो अधूनमधून खोटा सिग्नल देत असेल तर क्रूझ आपोआप सुटतं आणि त्याच वेळी काटा वर जातो, दोन्ही एकदम झालं की संशय थेट या स्विचवर. मागे कोणाला तरी उभं करून ब्रेक लाइट बघा. दोन, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनच्या कूलंटची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह. तो उघडाच अडकला तर इंजिन पूर्ण गरम होत नाही, आणि इंजिन थंड असेपर्यंत बऱ्याच गाड्या लॉकअप लावत नाहीत. टेंपरेचरचा काटा नेहमीपेक्षा खाली राहतोय का बघा.

आता ऑईल. "लाइफटाइम ऑईल आहे, बदलायचं नसतं" हे मी पण ऐकलं होतं आणि त्याचीच किंमत मोजली. उन्हाळ्यात मराठवाडा-विदर्भात ४० च्या वरच्या गरमीत, फुल लोडवर पळणाऱ्या गाडीचं ऑईल तेवढं टिकत नाही, त्यातले क्लच गुळगुळीत लागावा म्हणून टाकलेले घटक संपतात आणि लॉकअप पकडतो-सुटतो-पकडतो, तीच ती थरथर. गाडीसोबतच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच टाका, डब्ल्यूएस सांगितलं असेल तर डब्ल्यूएस, एसपी-४ असेल तर एसपी-४, "सगळ्याला चालतं"वालं नको. एकदा ड्रेन केल्यावर पूर्ण ऑईल निघत नाही, कन्व्हर्टरमध्ये बरंच अडकून राहतं, म्हणून माझ्या गाडीत थोडं थोडं चालवून तीनदा बदलावं लागलं, पहिल्यानंतर थरथर अर्धी झाली, तिसऱ्यानंतर गेली. लेव्हल पण कंपनीने दिलेल्या तापमानालाच बघायची, बऱ्याच गाड्यांना डिपस्टिक नसते, रॅम्पवर गिअरबॉक्सचा लेव्हल प्लग उघडून बघतात आणि तेव्हा स्कॅनरवर ऑईलचं तापमान दिसत असायला हवं. ऑईल काळं, जळका वास आणि आत क्लचचे कण असतील तर मात्र नुसत्या ऑईलने भागणार नाही, तिथे खरंच गिअरबॉक्स खाली येतो.

घाटात क्रूझ लावून काटा वर-खाली नाचतो म्हणून गॅरेजला जाऊ नका, चढाला लॉकअप सुटणं आणि खालचा गिअर पडणं बरोबरच आहे. खंडाळ्याला क्रूझ बंद करा, मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली धरा, ऑईल पण कमी तापतं. आणि सपाट रस्त्यावर स्वस्तातला ओबीडी स्कॅनर लावून घसरणीचा आकडा (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या आरपीएममधला फरक) एकदा नोंदवून ठेवा, गाडी तो आकडा देत असेल तर. लॉक असताना तो शून्याच्या आसपास असतो, नव्या गाड्या मुद्दाम थोडी घसरण ठेवतात, पण उगाच ५० वरून २०० वर उड्या मारायला लागला तर थरथर जाणवायच्या आधीच कळेल.