काळ्या पाण्यावर गेलेला पूर्वज शोधताय? आधी या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो. "आमचे खापरपणजोबा सेल्युलर जेलमध्ये होते. त्यांचा कोठडी नंबर कुठं मिळेल?" मी विचारतो, शिक्षा कधीची? "सत्तावनच्या बंडानंतर लगेचची."

मग मी तेच सांगतो जे आदल्याला सांगितलं होतं. सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ मध्ये सुरू झालं आणि १९०६ मध्ये संपलं. सावरकर १९११ मध्ये गेले, त्यांना कोठडी होती. पण अंदमानात कैद्यांची पहिली तुकडी उतरली १० मार्च १८५८ ला. मधली जवळपास पन्नास वर्षं जे गेले ते चॅथम, रॉस, व्हायपर अशा बेटांवर राहिले, जंगल तोडत बसले. जेलच उभा नव्हता, तर कोठडी नंबर कुठला आणायचा?

त्याच्याही आधीची शिक्षा असेल तर अंदमान विसरा. काळं पाणी हे शिक्षेचं नाव आहे, बेटाचं नाही. मुंबई इलाख्यातले कैदी पेनांग, मलाक्का, सिंगापूरला गेले; १८१५ ते १८३७ या काळात मॉरिशसलाही गेले. १८५८ नंतरसुद्धा सगळे अंदमानातच गेले असं नाही. वासुदेव बळवंत फडके एडनला गेले आणि १८८३ मध्ये तिथंच वारले.

एवढा शहाणपणा शिकवणाऱ्या मी स्वतः दोन वर्षं याच खड्ड्यात काढली आहेत. आम्ही जुन्नरकडचे महादेव कोळी. घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच वाक्य: "राघोजीच्या बंडात धरला आन् काळ्या पाण्यावर धाडला." राघोजी भांगरे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली १८४८ मध्ये. अंदमान सुरू व्हायच्या दहा वर्षं आधी. वजाबाकी दुसरीतल्या पोराची, पण मी केली नाही. अंदमानच्या सूच्या चाळत राहिलो. शेवटी वाचनकक्षात शेजारच्या टेबलावर बसणारे एक म्हातारे अभ्यासक वैतागून म्हणाले, "अहो, आधी सन बघा की!"

सन बघितला आणि मुंबईच्या पुराभिलेखागारात न्यायखात्याचे १८४०च्या दशकातले खंड मागवायला लागलो. जहाजावर चढवायच्या कैद्यांची यादी सापडली: नाव, बापाचं नाव, वय, जात, गुन्हा, मुदत. त्या यादीवरून माझं बोट तीन वेळा फिरलं आणि तिन्ही वेळा पुढं गेलं, कारण जातीच्या रकान्यात लिहिलं होतं 'कूली'. मला वाटलं, हा कुणी हमाल. चौथ्यांदा डोळे थकले म्हणून तोंडानं पुटपुटत वाचत होतो. कूली, कोली... कोळी! इंग्रज कारकून कोळ्यांना सर्रास 'कूली' लिहीत. चहाला म्हणून खाली निघालो आणि जिन्यातच बसून राहिलो. पाठवण्याचं ठिकाण होतं सिंगापूर. तिथलं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हिंदुस्थानी कैद्यांनीच बांधलेलं आहे.

तेव्हापासून माझी सवय एकच. इंग्रजी यादी मनात वाचायची नाही, ओठ हलवून वाचायची. खंड उघडण्याआधी पूर्वजाचं नाव कागदावर निदान आठ तऱ्हांनी लिहून काढायचं. सटवाजीचा सुतवाजी होतो, धोंडीचा धूंडी. लोकांना हे कंटाळवाणं वाटतं. त्यांना शोधपेटीत आडनाव टाकून एका टिचकीत पणजा हवा असतो. त्या यादीत आडनावच नसतं हो! 'अमका बिन तमका' किंवा 'अमका वलद तमका' एवढंच असतं. बिन काय, वलद काय, अर्थ 'याचा मुलगा'. एक गृहस्थ मला मोठ्या आत्मविश्वासानं सांगत होते की त्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव 'बिन' होतं.

आता जरा नाजूक विषय. काळ्या पाण्यावर गेलेला प्रत्येक जण क्रांतिकारक नव्हता. बहुतेक जण खून नाहीतर दरोड्याच्या शिक्षेवर गेले. घोळ असा की बंडवाल्यांनाही इंग्रज दरोडेखोरच लिहीत. माझ्या पूर्वजापुढंही 'गँग रॉबरी' आहे. पण म्हणून प्रत्येक दरोडेखोर बंडवाला ठरत नाही. ते ठरतं खटल्याच्या कागदांवरून, आणि ते यायला वेळ लागतो. साताऱ्याकडच्या एका तरुणाला तेवढा दम नव्हता. यादीत नाव दिसताच गावच्या चौकात फ्लेक्स लावला, खाली 'थोर स्वातंत्र्यसैनिक'. महिन्यानं निकालपत्राची नक्कल आली: बांधाच्या भांडणात चुलतभावाचा खून. त्या चुलतभावाचे वंशज शेजारच्याच वाड्यात राहतात. फ्लेक्स रात्रीतून उतरला, बोलणं अजून सुरू झालेलं नाही.

शिक्षा झाली म्हणजे माणूस समुद्रापार गेलाच, असंही धरू नका. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याचीच शिक्षा झाली होती, ती नंतर साध्या कैदेत बदलली आणि काढली मंडालेच्या तुरुंगात. निकाल सापडला की जहाजाची यादी शोधा. ती सापडेपर्यंत वंशावळीत पेन्सिलीनंच लिहा.

वयावर विसंबू नका. पंचवीस, तीस, पस्तीस, चाळीस, सगळे अंदाजपंचे.

घरच्या तिथीवरही नको. बारा वर्षं पत्ता नसलेल्याचा पालाशविधी, म्हणजे पळसाच्या पानांच्या पुतळ्याचा अंत्यविधी, करून घरचे मोकळे झालेले असतात. तो दिवस विधीचा, मरणाचा नाही. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या मात्र जरूर बघा, बापाचं आणि गावाचं नाव तिथं पक्कं मिळतं.

मोडी कागद मोबाइलसमोर धरून 'वाचून दे' म्हणणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. दोन-तीन महिने द्या, लिपी शिका.

जिल्हे आजचे धरू नका. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता, पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. कोल्हापूर, सावंतवाडी ही संस्थानं, त्यांचं दप्तर वेगळं. आणि 'बॅसीन' दिसलं की वसई म्हणून उड्या मारू नका. ब्रह्मदेशातही एक बॅसीन आहे. पानाच्या माथ्यावर कुठला विभाग लिहिलाय ते बघा.

फोटो काढायची परवानगी असेल तर आधी खंड क्रमांकाची चिठ्ठी पानाशेजारी ठेवा, मग फोटो. माझ्याकडं असे चाळीसेक बिनचिठ्ठीचे फोटो आहेत. सुंदर अक्षर, पण कुठल्या खंडातलं ते देव जाणे.

पोर्ट ब्लेअरचं विमान तिकीट सगळ्यात शेवटी काढा. १९४२ ते १९४५ या जपानी अमलात तिथली बरीच जुनी दप्तरं गेली. मुंबई सरकारनं पाठवलेल्या माणसाचा कागद मुंबईत, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात किंवा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सापडण्याची शक्यता जास्त. सुरुवात फोर्टातल्या पुराभिलेखागारातून करा, लोकलचं तिकीट पुरतं.